कडी तेवढी आजच बघ

सातारा, रविवार

चि. बाळ यास,


तू चाकूचे फोटो पाठवलेस, खाली पाच तक्रारी लिहिल्यास आणि शेवटी विचारलंस, "मामा, फसलो का?" एवढं उत्तर मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून कागद घेतला. फसला नाहीस. पाचांतल्या चार तक्रारी त्या किमतीतच धरलेल्या आहेत आणि तुझ्या तुला मिटवता येतील. पाचवी मात्र तशी नाही. हा फरक कळला, की पुढं कुठलीही स्वस्त वस्तू घेताना उपयोगी पडेल.

आधी हातात काय आहे ते समजून घे. ओपिनेल, आठ नंबर, पातं साध्या कार्बन स्टीलचं, मूठ बीच लाकडाची. तुझ्या ग्रेनोबलच्या शेजारच्याच सावोआच्या डोंगरातला हा चाकू. अवजारं घडवणाऱ्या घरातल्या जोझेफ ओपिनेलनं तो १८९० मध्ये बनवला आणि १८९७ मध्ये १ ते १२ असे नंबर पाडले. पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात आहे बघ. तिथल्या सें-जाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हातला तो हात, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा.

सगळे मिळून भाग पाच: पातं, मूठ, रिव्हेट, गळ्याशी घट्ट बसवलेलं पत्र्याचं कडं आणि त्यावर फिरणारी कडी. ही कडी १९५५ मध्ये आली. यात स्प्रिंग नाही. पातं धरून ठेवतं ते लाकूड. आणि लाकूड म्हटलं की प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येक ऋतू वेगळा. कारखान्यानं पोलाद चांगलं दिलं, पण प्रत्येक मूठ हातात घेऊन पात्याशी जुळवत बसणारा कारागीर दिला नाही. तो दिला असता, तर एका साध्या जेवणाच्या पैशांत चाकू मिळाला नसता. ते शेवटचं काम तुझ्यावर सोडलंय.

पहिली तक्रार, सफरचंद कापल्यावर पातं काळं पडलं. अरे, आजीची विळी आठव. कैरी चिरली की पातं काळंनिळं व्हायचं, आणि त्यासाठी विळी परत करायला कुणी गेलं नाही. फळातल्या आंबटपणानं पोलादावर येणारा तो थर उलट गंजाला थोडा आडच येतो. लाल, हाताला लागणारा असेल तो गंज. आजी विळी धुतल्या धुतल्या फडक्यानं कोरडी करायची, तेवढंच तुला करायचंय. बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरव. खोबरेल तिथल्या थंडीत थिजेल, आणि शेंगदाण्याचं तेल पुढं चिकट होऊन वास मारतं.

दुसरी, पातं बाहेरच येत नाही. चाकू पाण्याखाली धरून धुतलास ना? पावसाळ्यात आपल्या वाड्याचं मागचं दार फुगून बसायचं, तसंच हे. आत्तापुरता तिथल्या लोकांचाच एक उपाय आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक लाकडावर ठक्कन आपटायचं, की पातं चिमटीत धरण्याइतकं वर येतं. नंतर दोन-तीन दिवस कोरड्या जागी राहू दे. हीटरवर ठेवू नकोस, मूठ तडकेल. एवढ्यानं सुटलं नाही, तर सर्क्लिप प्लायरनं कडी फाकवून काढ. काढताना डोळ्यांना चष्मा हवाच, ती टण्णकन उडते. मग आइस्क्रीमच्या काडीला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही आतल्या बाजू, जिथं पातं घासतं तिथंच, दहा-बारा हात मार आणि उघडून-मिटून बघ. पुन्हा दहा-बारा हात. काढलेलं लाकूड परत चढवता येत नाही, म्हणून घाई नको.

उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाचं तेल पाज, तू बॅटला लावायचास तेच. पातळ हात द्यायचा, जादाचं पुसायचं, वाळू द्यायचं, असं दोन-तीनदा. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. त्या तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळव, मग टाक.

तिसरी, मिटल्यावर पातं मधोमध बसत नाही. धार मुठीला घासते का? नसेल, तर तो फक्त डोळ्यांना खुपणारा दोष आहे, सोडून दे. रिव्हेट ठोकून पातं सरळ करायला तर मुळीच जाऊ नकोस. माझा पहिला चाकू जत्रेतला, पाठीत स्प्रिंग असलेला. पातं डुलायचं म्हणून ऐरणीवर ठेवून रिव्हेटला दोन सणसणीत ठोके दिले. पातं असं आवळलं, की नखानं उघडेना. तेल सोडून अख्खी संध्याकाळ ते पुढं-मागं करत बसलो. पुढं टूलरूममध्ये उस्तादांनी दाखवलं, की आधी सांध्यात पातळ पत्र्याची चकती सरकवायची, मग हलके हलके ठोके, आणि दर दोन ठोक्यांना उघडून बघायचं. तेही पितळी बाजू असलेल्या चाकूला. तुझ्याकडं लाकूड आहे, ते फाटेल.

चौथी, टोकाकडं धार नाही. बहुतेक नव्या स्वस्त चाकूंची पहिली धार अशीच असते. कोनाचा अंदाज हवा, तर कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. दगडावर साधारण त्याच कोनात पातं धर. धारेवर मार्करची रेघ ओढ. शाई कुठं जाते आणि कुठं राहते, यावरून दगड कुठं लागतोय ते दिसतं. टोकाशी पोचताना मूठ जराशी उचल. एका बाजूनं घासता घासता दुसऱ्या बाजूला बारीक बर येते. ती अंगठ्यानं आडवी चाचप, धारेवरून उभा अंगठा कधीही ओढू नकोस. मग दुसरी बाजू, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-वीस हात. दोन-तीनदा नीट धार लावूनही नुसता पुठ्ठा कापताना कड दुमडत असेल, तर मात्र पात्याला पाणी नीट दिलेलं नाही असं समज. तो दोष घरी जात नाही.

आता पाचवी. तू सर्वांत शेवटी, सहज लिहिल्यासारखी लिहिलीस, "कडी आपोआप थोडी फिरते." बाळा, काळा डाग, वाकडं बसणं, बोथट टोक यांनी बोट तुटत नाही, सैल कडीनं तुटतं. पातं उघडून कडी लाव. धारेच्या वाटेत एकही बोट न ठेवता पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाब. कडी सरकली, तर ती काढून प्लायरनं अगदी किंचित आवळ, बसवून परत तसंच बघ. दुसऱ्यांदाही सरकली किंवा गळ्याजवळ लाकडाला चीर दिसली, तर दुरुस्ती बंद कर आणि चाकू दुकानदाराला परत दे. तिथं संकोच करू नकोस. स्वस्त वस्तूकडून देखणेपणाची अपेक्षा कमी ठेवावी, पण जिवाच्या बाबतीत एका पैशाची सूट देऊ नये.

आणखी दोनच गोष्टी. या चाकूनं डबे उचकटू नकोस की स्क्रू फिरवू नकोस. आणि फ्रान्सच्या कायद्यात सबळ कारणाशिवाय चाकू जवळ बाळगून हिंडता येत नाही. तेव्हा डोंगरात, सहलीला जाताना ब्रेड-चीजबरोबर डब्यात ने, कॉलेजात नको. घरी येताना विमानात तो मोठ्या बॅगेत टाक.

ताईला चाकूचं काही कळवू नकोस, उगाच काळजी करत बसेल. बाकीच्या चार गोष्टी सवडीनं कर. कडी मात्र हे पत्र वाचून होताच बघ, आणि सरकली की नाही ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा