फूट, इंच आणि फेरिस्त
पस्तीस वर्षे बारनिशी आणि दप्तर सांभाळलेल्या कारकुनाच्या अंगी जो एक निरुपद्रवी अहंकार मुरतो, त्यानेच मला निवृत्तीनंतर पर्ल शिकायला बसवले. संगणकाला हुकूम देण्याची ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली आणि मजकुराच्या ढिगातून हवा तेवढाच तपशील उपसून काढण्यात ती आजही वाकबगार आहे, असे माझ्या पुण्याच्या पुतण्याचे मत. माझ्यापाशी उपसण्याजोगे धन एकच होते: कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरी दर पावसाळ्यात रोज सकाळी वहीत टिपलेली, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. त्या वह्या पुतण्याने वर्षावार फाइलींत टंकून दिल्या. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे आमच्या पेठेत पोरांना पाढ्यांच्याही आधी पाठ होतात. तेव्हा सर्वांत चढलेल्या पाण्याच्या तारखा उतरत्या क्रमाने लावून ती फेरिस्त तालमीच्या फळ्यावर डकवावी, अशी तजवीज मी केली.

आयुष्यभर इतरांच्या कागदांची रुजुवात घेतलेल्या मी स्वतःच्या कागदाची मात्र घेतली नाही. फेरिस्तीच्या शिरोभागी ‘९ फूट ८ इंच’ विराजमान झाले होते. तालमीतले एक वयोवृद्ध वस्ताद चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “आण्णा, जूनमदी म्हापूर आल्ता व्हय?”

नुसते ‘सॉर्ट’ म्हटले की पर्ल आकड्यांना आकडे मानतच नाही. कोशातले शब्द लावावेत तसे ती पहिले अक्षर पाहते, आणि नऊ हे अक्षर चाराच्या पुढचे, म्हणून ९ फूट ४३ फुटांच्या वर जाऊन बसतात. संख्येने तुलना हवी असेल तर ‘<=>’ हे चिन्ह स्पष्ट लिहावे लागते. ते मी लिहिले, तर फेरिस्त जशी फाइलींतून निघाली होती तशीच, क्रमाचा लवलेश नसलेली, समोर आली. कारण माझे अंक देवनागरी. मजकूर युनिकोड म्हणून वाचला असेल तर पर्लचे अंक शोधण्याचे चिन्ह ‘४’ला अंक म्हणून बिनतक्रार ओळखते, परंतु तुलनेची वेळ येताच पर्ल त्याची किंमत शून्य धरते, आणि शून्यांत थोरला कोण, धाकटा कोण? आरंभी ‘यूज वॉर्निंग्ज’ एवढी ओळ असती तर यंत्राने ओळीओळीला कुरकुर करून मला सावध केले असते, पण ती कटकट नको म्हणून मीच ती गाळली होती. नवशिक्याने ही ओळ कधीही गाळू नये, आणि देवनागरी अंक तुलनेपूर्वीच इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत.

तिसरी गफलत माझ्या हुशारीची. फूट आणि इंच यांच्यामध्ये मी सुटसुटीतपणासाठी टिंब दिले. त्यामुळे ४३ फूट १० इंच म्हणजे ४३.१० झाले, यंत्राने ते ४३.१ वाचले आणि ४३ फूट ९ इंचांच्या खाली ढकलले. ही चूक सर्वांत घातक, कारण यादी वरवर अगदी रास्त दिसते. पुतण्या फोनवर हसला. “काका, फुटाला बारानं गुणा, इंच मिळवा.” तसे केल्यावर ५२६ आणि ५२५ आपापल्या जागी बसले.

तारखांचे दुखणे याच जातीचे: दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र जमतात, म्हणून वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवून एकेरी आकड्याआधी शून्य द्यावे. गावांची नावे लावणाऱ्याने ‘ळ’कडे लक्ष ठेवावे. युनिकोडात तो ‘ल’च्या लगतचा, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या पुढचा, त्यामुळे कळे हे गाव कसबा बावड्याच्या आधी येते. पर्लच्या ‘युनिकोड कोलेट’मध्ये मराठी क्रमाची सोय आहे, ती वापरावी. आणि हजार ओळी लावण्यापूर्वी, ज्यांचा क्रम तोंडपाठ आहे अशा पाच ओळी, ९ फूट, ३९ फूट, ४३ फूट ९ इंच, ४३ फूट १० इंच आणि मुद्दाम एक कोरी, लावून पाहाव्यात.

दुरुस्त फेरिस्त घेऊन मी पुन्हा तालमीत गेलो. वस्तादांनी बोट ठेवत ठेवत ती वरून खाली वाचली आणि विचारले, “एकोणीस सालचा ऑगस्ट कुठं हाय?” क्रम बिनचूक होता, पण त्या आठवड्यात आम्ही नावेतून निघून राजारामपुरीत बहिणीकडे राहिलो होतो आणि वही घरात, माळ्यावर होती.