हिशेब समोरच्याला दाखवता आला पाहिजे

चि. भाचीस,

लेस्टरच्या सल्लाकेंद्रासाठी सरकारी भत्त्यांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. विश्वस्तांनी एकच अट घातली आहे: वापरायला सोपं हवं. अट योग्य आहे, पण ‘सोपं’ म्हणजे काय हे आधी ठरव. विक्रेत्यांच्या लेखी चार प्रश्नांत आकडा आला की झालं सोपं. सल्लागाराच्या लेखी सोपं ते, ज्याचा हिशेब समोर बसलेल्या माणसाला ओळीओळीने दाखवता येतो.

कारण ब्रिटनमधले नियम एकमेकांत गुंतलेले आहेत. २०१३ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये सहा जुने भत्ते एकत्र होऊ लागले, पण गुंता सुटला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नोकरीच्या वयातल्या लोकांसाठी कौन्सिल टॅक्सच्या सवलतीचे नियम ज्या त्या कौन्सिलकडे गेले. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून मुलांसाठी स्कॉटिश चाइल्ड पेमेंट सुरू झालं, ते इंग्लंडमध्ये नाही. पोस्टकोड न विचारता उत्तर देणारं सॉफ्टवेअर तिथेच बाद कर.

आता सॉफ्टवेअर पारखायला तीन घरं घे. पहिल्या घरात प्रश्न पगाराचा. एखाद्या आईला दुकानातल्या कामाचे आठवड्याला ३०० पौंड मिळतात. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याचं असतं, म्हणून घाईत कुणीही ३०० ला ४ ने गुणून १,२०० लिहितं. खरं गणित ५२ ने गुणून १२ ने भागायचं: १,३०० पौंड. ठरावीक सूट संपल्यावर कमाईच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. म्हणजे त्या एका चुकीमुळे तिला महिन्याला ५५ पौंड जास्त मिळतील असं सांगितलं जातं, आणि ती त्या भरवशावर घरभाडं ठरवते. चांगलं सॉफ्टवेअर रकमेशेजारीच विचारतं: आठवड्याचा, चार आठवड्यांचा की महिन्याचा? एक प्रश्न वाढला, पण काम सोपं झालं.

दुसरं घर एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या विधवेचं. बँकेत १८,००० पौंड. युनिव्हर्सल क्रेडिटला १६,००० च्या वर बचत असली की दार बंद, म्हणून अनेकजण अशा बाईंना ‘काही मिळणार नाही’ म्हणून परत पाठवतात. पेन्शनच्या वयातल्या लोकांसाठी असलेल्या पेन्शन क्रेडिटला अशी वरची मर्यादाच नाही. पहिले १०,००० पौंड सोडायचे आणि पुढच्या दर ५०० मागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरायचं. म्हणजे इथे १६ पौंड.

याच बाईंना आजारपणामुळे अटेंडन्स अलाउन्स मिळत असेल, तर पेन्शन क्रेडिटमध्ये तीव्र अपंगत्वाची वाढीव रक्कम बसू शकते, आठवड्याला ८० पौंडांहून अधिक. दुसऱ्या घरात राहणारा मुलगा आईची देखभाल करतो म्हणून केअरर्स अलाउन्स घेऊ लागला, की आईची ही वाढीव रक्कम जाते. मुलगा स्वतः युनिव्हर्सल क्रेडिटवर असेल, तर केअरर्स अलाउन्स त्यातून पूर्ण वजा होतो. त्याच्या हाती देखभालीचा वेगळा हप्ता उरतो, महिन्याला सुमारे २०० पौंड. आईचे मात्र महिन्याला साडेतीनशेच्या आसपास गेलेले असतात. मुलाने प्रेमाने भरलेला अर्ज घराला तोट्यात घालतो. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच उत्तर बदलून पाहा. आधीचा आणि नंतरचा हिशेब ते शेजारी शेजारी ठेवतं का? आईच्या रकमेबद्दल इशारा देतं का?

तिसरं घर आपल्या लोकांचं. पुण्याहून किंवा नागपूरहून कामाच्या व्हिसावर आलेल्या जोडप्याच्या व्हिसावर सहसा सरकारी भत्ते न घेण्याची अट असते. चाइल्ड बेनिफिटसुद्धा त्यात येतं. सरकारी संकेतस्थळावर ‘एंटायटल्डटू’, ‘पॉलिसी इन प्रॅक्टिस’ अशा स्वतंत्र कॅल्क्युलेटरची यादी आहे. नाव न देता ती वापरता येतात. मात्र विद्यार्थी आणि ब्रिटिश वा आयरिश नागरिक नसलेले लोक यांना तिथे अचूक उत्तर मिळत नाही, असं तिथेच बजावलं आहे. चुकीचा अर्ज व्हिसावर बेतू शकतो, त्यामुळे अशा घराला आकडा दाखवण्याआधी थांबवणारं आणि इमिग्रेशनच्या जाणकाराकडे पाठवणारं सॉफ्टवेअरच केंद्रात ठेवण्याजोगं.

दरवर्षी एप्रिलमध्ये भत्त्यांचे दर बदलतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये केअरर्स अलाउन्सची कमाईची मर्यादा आठवड्याला १५१ वरून १९६ पौंड झाली. ती एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. नवे दर कोणत्या तारखेला येतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घे.

करार करण्याआधी ही तिन्ही घरं कागदावर मांड. चाइल्ड पॉव्हर्टी अॅक्शन ग्रुपचं भत्त्यांवरचं हँडबुक दरवर्षी निघतं, ते शेजारी ठेवून तिन्ही हिशेब हाताने कर. मग केंद्रातल्या सर्वांत नवख्या स्वयंसेवकाला प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर बसव आणि तू मागे उभी राहा, बोलू नकोस. तो कुठे अडतो, कोणता प्रश्न दोनदा वाचतो, ते लिहून घे. शेवटी हिशेबाचा कागद छापून त्याच्या हाती दे आणि रक्कम कशी आली ते त्याला समजावून सांगायला लाव. तिन्ही कागद आणि तुझी टिपणं मला पाठव, आपण फोनवर ओळीने पाहू.

तुझा,
मामा