उपचारासाठी येणारा व्यसनी मनुष्य



व्यसनमुक्ती केंद्राच्या दारी येणारा मनुष्य पश्चात्तापाने भरलेला व निश्चयाचा पक्का असावा, अशी आपली समजूत असते. बहुधा तो तसा नसतो. त्याची खरी लक्षणे ठाऊक नसली, तर आपण त्याला ढोंगी समजून दूर लोटण्याचा संभव असतो. म्हणून प्रस्तुत पाठात त्या लक्षणांचा विचार करू.

१. तो क्वचितच आपण होऊन येतो. पत्नी, आई, वरिष्ठ अधिकारी किंवा डॉक्टर त्याला आणतात. त्यामागे नोकरीवर आलेले गंडांतर, यकृताचा आजार किंवा मोडू घातलेला संसार असतो. परंतु बळेच आणलेला मनुष्य बरा होतच नाही, हा समज खरा नव्हे. येण्याचे कारण कोणतेही असो, उपचार चालू असता इच्छा जागी होऊ शकते.

२. त्याचे मन द्विधा असते. सुटका हवी असते आणि दारूही हवी असते. "मनात आणले तर उद्या सोडीन," असे तो म्हणतो. किती पितो तेही कमी करून सांगतो. हा नकार आजाराचाच भाग होय.

३. तो उशिरा येतो, आणि बहुतेक येतच नाहीत. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक भारतात होते. मात्र दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी सुमारे एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. लोकलज्जा हे त्याचे एक मोठे कारण. स्त्रियांच्या बाबतीत ही लज्जा अधिकच आड येते.

४. त्याचे शरीरही दारूवर अवलंबून असते. पुष्कळ वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून अशा मनुष्याला प्रार्थनासभेत शपथ घ्यायला लावून किंवा खोलीत कोंडून दारू तोडायला लावणे धोक्याचे आहे. शपथ जरूर घ्यावी, पण प्रथम डॉक्टर गाठावा.

५. तो पुन्हा घसरू शकतो. घसरण म्हणजे उपचाराचा शेवट नव्हे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींनी एकमेकांना आधार दिला व त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. समदुःखी सोबती लाभल्यास पुन्हा उभे राहणे सोपे जाते.

तात्पर्य, दारात उभा असलेला मनुष्य अर्ध्या मनाने आला असला, तरी तो आला आहे, हेच महत्त्वाचे. त्याच्या निश्चयाची परीक्षा घेत बसू नये. त्याला आत घ्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

विचारासाठी प्रश्न :
(१) आपल्या मंडळीतील व्यसनी व्यक्तीचे कुटुंब आपली व्यथा कोणापाशी उघड करू शकते?
(२) उपचार घेऊन परतलेल्या व्यक्तीचे आपण कसे स्वागत करतो?