जहाज की जमीन? सुट्टीच्या बेताविषयी वाचकांच्या शंका

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचे बेत ठरवताना यंदा बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला आहे: क्रूझने जावं, की नेहमीसारखं हॉटेलात राहून फिरावं? सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तरी निर्णय घेण्याची एक साधी पद्धत आहे. क्रूझचं वेळापत्रक हातात घ्या आणि प्रत्येक बंदरात प्रत्यक्ष किती तास मिळणार ते मोजा. ते तास तुमच्या इच्छेला पुरत असतील तर जहाज घ्या. पुरत नसतील तर जमिनीवरूनच जा. निवडक पत्रांना उत्तरं देताना हीच कसोटी लावली आहे.

इटली पाहायची आहे

*मी 67 वर्षांचा, पत्नी 63. युरोपचा हा आमचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रवास. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहण्याची फार इच्छा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. टूरवाले म्हणतात, सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ घ्या, बॅगा एकदाच उघडाव्या लागतील. काय करावं?*
– एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली

बॅगांबद्दल ते म्हणतात ते खरं आहे आणि गुडघेदुखीत ती सोय मोठी असते. पण तुमची इच्छा तीन शहरांची आहे, म्हणून तास मोजू. क्रूझच्या पत्रकात 'रोम' लिहिलेलं असलं तरी जहाज थांबतं चिवितावेक्किया या बंदरात. तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर. जहाज सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला निघणार असेल, तर उतरणं, जाणं-येणं आणि वेळेआधी परतणं वजा करून रोममध्ये जेमतेम सहा तास उरतात. तेवढ्यात एक तर व्हॅटिकनची संग्रहालयं होतील, नाहीतर कोलोसियम. फ्लॉरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला लागतं, तेही सुमारे 90 किलोमीटरवर. व्हेनिसच्या मध्यातल्या जुडेक्का कालव्यात तर ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना बंदीच आहे.

सगळीच बंदरं अशी लांब नसतात. नेपल्सला जहाज शहरालाच लागतं, इस्तंबूलला गलाटापोर्टवर उतरलं की माणूस थेट शहरात असतो, आणि मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला तर जुन्या गावाच्या तटापर्यंत जाता येतं. पण तुमच्या यादीत ही गावं नाहीत.

तुम्ही जमिनीवरूनच जा, मात्र मुक्काम कमी ठेवा. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. रोम ते फ्लॉरेन्स जलद गाडीनं दीड तासाच्या आसपास लागतो. हॉटेल स्टेशनजवळचं आणि लिफ्ट असलेलं निवडा. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून आधी विचारून घ्या. एक दिवस हिंडा, दुसऱ्या दिवशी अर्धाच दिवस. ज्या शहराची आयुष्यभर वाट पाहिली, त्याची एक सकाळ आणि एक संध्याकाळ तरी घाई न करता मिळायला हवी.

आजींची पंचाहत्तरी

*सासूबाईंची पंचाहत्तरी ऑगस्टमध्ये आहे. आम्ही चौदा जण एकत्र जाणार, त्यात चार लहान मुलं. भाचेसून तेव्हा पाचव्या महिन्यात असेल. मुंबई–गोवा क्रूझचा विचार आहे. योग्य ठरेल का?*
– एक वाचक, ठाणे

एकत्र कुटुंबासाठी जहाजाइतकी चांगली जागा मला सुचत नाही. आजींना डेकवर खुर्ची मिळते, मुलांना खेळायला जागा, कुणाला स्वयंपाकाची काळजी नाही, आणि रात्रीच्या जेवणाला सगळे एका टेबलाशी. तुम्हाला गोवा पाहायचा नसून एकमेकांसोबत राहायचं आहे, त्यामुळे बंदरातल्या तासांची चिंताच नाही. मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज अशा छोट्या फेऱ्या करतं. देशांतर्गत फेरीला पासपोर्टही लागत नाही, आधारसारखं ओळखपत्र चालतं.

अडचण महिन्याची आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि या काळात जहाज पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे नेण्याची पद्धत आहे. सोहळा हिवाळ्यात ढकलावा, तर भाचेसुनेचं काय? प्रवास संपेपर्यंत गर्भारपणाचे 24 आठवडे पूर्ण होणाऱ्या स्त्रीला बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळालाही घेत नाहीत.

म्हणून या ऑगस्टला जमिनीवरच साजरं करा. नाशिकच्या बाजूला एखादा पूर्ण बंगला घ्या. ठाण्याहून तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे आणि गरज पडली तर चांगली रुग्णालयं जवळ आहेत. आजींची आणि भाचेसुनेची खोली तळमजल्यावर हवी. जहाजाचा बेत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरचा ठेवा. बाळ तोवर वर्षभराचं होत आलेलं असेल, म्हणजे पणजीसोबत तेही येईल. तेव्हा आजींची केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ आणि खिडकीची घ्या. तरुणांना आतल्या, बिनखिडकीच्या केबिन पुरतात. नाट्यगृहाच्या वरच्या-खालच्या केबिन टाळा, रात्री उशिरापर्यंत आवाज येतो.

बोट लागेल, आणि भीतीही वाटते

*माझी आजी रामदास बोटीची हकीकत सांगायची. तेव्हापासून समुद्रप्रवासाची धास्ती आहे. शिवाय एस. टी.तही मला मळमळतं. यजमानांना क्रूझची फार हौस आहे. मी जावं का?*
– एक गृहिणी, रोहा

तुमच्या धास्तीला आधार आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. तिला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आजच्या जहाजांचे नियम अशाच दुर्घटनांतून घडले आहेत. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून 32 जण दगावले. चढलेल्या काही प्रवाशांची सुरक्षा-कवायत तेव्हा व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती कवायत घ्यावीच लागते. ती मन लावून करा. आपली जमण्याची जागा स्वतः चालत जाऊन पाहा. माहिती झाली की भीती बरीच कमी होते.

बोट लागण्याचं म्हणाल, तर आधी स्वस्तात परीक्षा घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीनं एकदा जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे. क्रूझचं जहाज तिच्याहून कितीतरी मोठं असतं, आणि डोलणं कमी करायला त्याला पाण्याखाली पंख असतात. मांडव्याला नीट पोचलात, तर शांत ऋतूत क्रूझही बहुधा झेपेल. केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. पोट रिकामं ठेवू नका, तसंच गच्चही भरू नका. मळमळू लागलं तर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहा. गोळी घ्यायची झाल्यास डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्या. पहिली फेरी दोन रात्रींचीच असू द्या, आणि ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान.

रो-रोवरच फार त्रास झाला, तर यजमानांना स्पष्ट सांगा. एकाच्या हौसेसाठी दुसऱ्यानं चार दिवस केबिनमध्ये पडून राहणं ही दोघांचीही सुट्टी नव्हे.

स्वस्त काय पडतं?

*आम्ही दोघं आणि 8 व 11 वर्षांची मुलं. सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझचा दर तिथल्या हॉटेलांपेक्षा कमी दिसतो, त्यात जेवणही आलं. मग क्रूझच घ्यावी ना?*
– एक संगणक अभियंता, पुणे

दिसणारा दर आणि शेवटी भरायची रक्कम यांत अंतर असतं. कर्मचाऱ्यांसाठीची ग्रॅच्युइटी बहुतेक परदेशी जहाजांवर आपोआप लागते: दरडोई दररोज साधारण 15 ते 20 डॉलर, मुलांचीही. 16 डॉलर धरले तरी चार जणांचे चार रात्रींचे 256 डॉलर झाले. त्यावर बंदराचे कर, वायफाय, शीतपेयं, किनाऱ्यावरच्या सहली, आणि जहाज चुकू नये म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल. जहाजावर फोन विमान-मोडवर ठेवा, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचं बिल घरी आल्यावर कळतं. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं असल्यानं व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि वाटेतल्या मलेशिया किंवा थायलंडचे त्या वेळचे नियमही तपासा.

दोन्ही बेतांची पूर्ण बेरीज कागदावर मांडा: एका रकान्यात हे सगळं, दुसऱ्यात हॉटेल, जेवण, टॅक्सी आणि तिकिटं. फरक अनेकदा फार उरत नाही. मग मुलांकडे पाहून ठरवा. त्यांनी सिंगापूर पाहिलंच नसेल, तर आधी तीन रात्री शहरात घालवा आणि नंतर तीन रात्रींची छोटी क्रूझ घ्या. आधी भटकंती, मग विश्रांती, हा क्रम मुलांना चांगला मानवतो. परतीचं विमान जहाज लागेल त्याच सकाळचं घेऊ नका.

एकटीनं जायचं आहे

*मी 58 वर्षांची, एकटी. इतिहासाची आवड आहे. मोठ्या जहाजावरची गर्दी नको, आणि रोज हॉटेल बदलणंही नको. मधला मार्ग आहे का?*
– एक प्राध्यापिका, नागपूर

आहे, आणि तुमच्या आवडीला तो तंतोतंत जुळतो: इजिप्तमधली नाईलची नौका. लक्सर ते अस्वान चार रात्री किंवा उलट दिशेनं तीन. नदी शांत असल्यानं बोट लागत नाही, आणि नौका देवळांच्या गावांनाच लागते. लक्सरला कर्नाक, पुढे एस्नाच्या बंधाऱ्यातून नौका वर चढते, मग एडफूचं होरसचं मंदिर, कोम ओंबोचं काठावरचं मंदिर आणि शेवटी अस्वान. लक्सरला मुक्काम असतो, त्यामुळे संध्याकाळी दिव्यांत उजळलेलं लक्सर मंदिर पायी जाऊन पाहता येतं. समुद्रातल्या क्रूझवर हे तास क्वचितच मिळतात.

काही गोष्टी विचारून घ्या. केबिनचे दर दोघांच्या हिशेबानं असतात, म्हणून एकट्या प्रवाशाला अधिभार पडतो. तो किती, हे लेखी मागा. धक्क्यावर नौका एकीला एक लागून उभ्या राहतात आणि दुसऱ्या नौकांमधून चालत किनाऱ्यावर जावं लागतं, तेव्हा सामान हलकं ठेवा. अबू सिंबेल अस्वानहून सुमारे 280 किलोमीटरवर आहे. ती सहल बेतात धरलेली आहे का, हे पाहा. एवढ्या दूर जाऊन ते चुकवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात लक्सरचा पारा चाळिशीपार जातो.

आईबाबांना अलास्का दाखवायचं आहे

*आम्ही न्यू जर्सीत राहतो. कोल्हापूरहून आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार आहेत. अलास्काला गाडीनं फिरवावं की क्रूझनं?*
– एक वाचक, एडिसन

इथे मी निःशंकपणे जहाज सांगेन. आग्नेय अलास्काची गावं खाडीकाठच्या डोंगरांत अडकलेली आहेत. राजधानी जुनोलासुद्धा बाहेरून येणारा रस्ता नाही. बोटीनं किंवा विमानानंच पोचता येतं. ग्लेशियर बे ही पाहण्याची जागाच पाण्यावरून पाहायची आहे. म्हणजे बंदरातल्या तासांच्या जोडीला जहाजावरचे तासही इथे प्रवासाचाच भाग होतात.

एक खबरदारी आजच घ्या. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना अशा फेरीत परदेशी बंदरालाही थांबावं लागतं. म्हणून सिएटलहून निघणारी जहाजं सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि कित्येक फेऱ्या व्हॅनकुव्हरहूनच सुटतात. भारतीय पासपोर्टवर आईबाबांना कॅनडाचाही व्हिसा लागेल, आणि तो मिळायला वेळ लागतो. त्याचा अर्ज आधी, तिकीट नंतर. जहाजावरचे डॉक्टर फी घेतात, म्हणून जहाजावरचे उपचार आणि तातडीनं किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या. खिडकीपेक्षा बाल्कनीवर पैसे खर्च करा. अलास्कात ते वसूल होतात.

पत्र लिहिणाऱ्यांना विनंती: प्रवासाचा महिना, सगळ्यांची वयं, आजार किंवा गर्भारपण, हातातले पासपोर्ट-व्हिसा आणि मुख्य म्हणजे काय हवं आहे – जागा पाहायची, विसावा घ्यायचा की आपल्या माणसांसोबत राहायचं – एवढं जरूर कळवा. शेवटच्या मुद्द्यावर घरातल्या सगळ्यांना आधी विचारा. बेत चुकतात ते बहुतेकदा तो प्रश्न न विचारल्यामुळेच.