कुलूप, किल्ली आणि सचोटी

नक्कल काढल्यानें मूळ वस्तु नाहींशी होत नाहीं; मग तिला चोरी कां म्हणावें, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासांत त्याचें उत्तर शोधूं या.

पूर्वीं हे खेळ कार्ट्रिजमध्यें, म्हणजे आपल्याकडील मुलें जिला कॅसेट म्हणत त्या लहानशा पेटींत, साठविलेले असत. जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्रांत नकली कॅसेट ओळखण्याची सोय नव्हती. म्हणून १९८५ सालीं अमेरिकेंत विक्रीस आणलेल्या यंत्रांत कंपनीनें एक चिप बसविली व तिची जोडीदार चिप कॅसेटमध्यें ठेविली. दोहोंचे संकेत जुळले नाहींत, तर यंत्र पुनःपुन्हां आरंभाकडे परते.

पुढें तबकड्या आल्या. सोनीनें १९९४ सालीं आणलेल्या प्लेस्टेशनच्या तबकडीवर मुद्दाम एक सूक्ष्म नागमोडी वळण देऊन त्यांत ओळखीचीं अक्षरें गुंफलेलीं असत. घरगुती यंत्रावर खेळाची नक्कल होई, पण हें वळण उतरत नसे. तेव्हां लोकांनीं प्लेस्टेशनमध्येंच एक चिप जोडून तीं अक्षरें परस्पर पुरविलीं! तात्पर्य, कुलूप कितीही चांगलें असलें तरी त्याची किल्ली कोणी तरी घडवितोच.

१९९० नंतरच्या दशकांत आपल्या बाजारांतही फॅमिकॉमचीं नकली यंत्रें आलीं. त्यांच्या एखाद्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असें छापलेलें असे. प्रत्यक्षांत थोडेच खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुनःपुन्हां येत. मूळ कर्त्यास मोबदला मिळाला नाहीं, आणि हौसेनें कॅसेट घेणारें मूलही फसलें. त्या अजाण मुलास दोष देणें न्याय्य नव्हे. दोष जाणूनबुजून विकणाऱ्याचा.

कोऱ्या तबकडीची किंमत अल्प असते. खेळाची किंमत म्हणजे चित्रें काढणारे, संगीत रचणारे व आज्ञावली लिहिणारे यांच्या अनेक महिन्यांच्या श्रमांचें मोल होय. शेतांत राबलेल्या मजुराची मजुरी बुडविली, तरी शेत जागेवरच राहतें. म्हणून त्या धन्यास कोणी प्रामाणिक म्हणत नाहीं. नक्कल विकणाऱ्याचेंही तसेंच आहे.

आज बहुतेक खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात. प्रश्न मात्र तोच आहे. खेळ घेतांना तो कोठून आला व त्याचे पैसे कोणास पोंचले, हें मुलांनीं विचारावें, आणि पालकांनीं त्यांस विचारावयास शिकवावें.