लांब पल्ल्याची ट्रायथलॉन : दम पुरवून वापरा

पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकामागून एक करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. पोलीस, लष्कर, रेल्वे यांत नोकरी करणारे आणि महाविद्यालयात शिकणारे आपले तरुण-तरुणी आता या खेळाकडे वळत आहेत. सुरुवात बहुधा छोट्या अंतराने होते. 'स्प्रिंट' म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणे. 'ऑलिम्पिक' म्हणजे त्याच्या दुप्पट. दोन-तीन वेळा ऑलिम्पिक अंतर पार पडले की मोठ्या अंतराची ओढ लागते : १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे, एकूण ११३ किमी. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली या अंतराची आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील खेळाडूंना ती जवळची वाटू लागली. संपूर्ण आयर्नमॅन याच्याही दुप्पट असते.

ही उडी घेताना बहुतेकजण एकच विचार करतात : सराव वाढवायचा. सराव वाढवावाच लागतो. पण आमच्या मते मोठ्या अंतरात माणूस कोलमडतो तो सराव कमी पडला म्हणून जितका, तितकाच छोट्या स्पर्धेची सवय सोबत नेली म्हणून. छोट्या स्पर्धेत सुरुवातीपासून दामटले तरी तीन तासांत सगळे संपते. मोठ्या स्पर्धेत सकाळी सात वाजता केलेल्या घाईचा हिशेब दुपारी बारा वाजता द्यावा लागतो. मधले पाच तास काहीच बिघडलेले जाणवत नाही, आणि फसगत होते ती तिथेच.

याचे कारण स्नायूंच्या इंधनात आहे. शरीर दोन प्रकारचे इंधन जाळते. एक चरबी, जी सडपातळ माणसाकडेही भरपूर असते, पण हळू जळते. दुसरे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. ती चटकन शक्ती देते, पण तिचा साठा ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण १६०० ते २००० किलोकॅलरी एवढाच असतो. जोर जितका जास्त, तितका साखरेचा वाटा जास्त. ऑलिम्पिक अंतराला हा साठा थोडेफार खाऊन पुरून जातो. सहा-सात तासांच्या स्पर्धेला तो कोणत्याही परिस्थितीत पुरत नाही. म्हणून दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात : जोर इतका ठेवायचा की चरबीही कामाला लागेल, आणि वाटेत खात राहायचे.

आता आकड्यांतच बघू. समजा, आपल्यापैकी एखाद्याने ऑलिम्पिक अंतर असे पूर्ण केले आहे : पोहणे ३३ मिनिटे, सायकल ताशी ३० किमीने ८० मिनिटे, धावणे ५५ मिनिटे, कपडे-बूट बदलण्यात ७ मिनिटे. एकूण २ तास ५५ मिनिटे. चांगली वेळ आहे. हा खेळाडू ११३ किमीच्या स्पर्धेत उतरतो आणि सायकलवर पुन्हा ताशी ३० च धरतो. ९० किमी बरोबर तीन तासांत होतात. त्याऐवजी ताशी २८ ठेवले असते तर ३ तास १३ मिनिटे लागली असती. म्हणजे १३ मिनिटे वाचली.

ही १३ मिनिटे कितीला पडली? सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. २८ वरून ३० म्हणजे वेग सात टक्के वाढला, पण लागणारी शक्ती वीस टक्क्यांच्या आसपास वाढली. ती आली साखरेच्या साठ्यातून. मग तो उतरून धावू लागतो. पहिले ८ किमी उत्साहात ५ मिनिटे ४० सेकंदांनी जातात. त्यानंतर मांड्या बसतात, उरलेले १३ किमी चालत-पळत, सरासरी साडेआठ मिनिटांनी. धावण्याला एकूण २ तास ३७ मिनिटे लागतात. सायकल आवरती ठेवणारा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमीला सव्वासहा मिनिटांनी धावला, तर २ तास १२ मिनिटांत संपवतो. तिकडे कमावली १३ मिनिटे, इकडे गेली २५. शिवाय शेवटचे दोन तास जे हाल झाले ते वेगळेच.

जगज्जेत्यांनाही हे गणित चुकलेले नाही. जर्मनीचे यान फ्रोडेनो यांनी २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. हवाई बेटांवरील कोना येथील आयर्नमॅन जागतिक विजेतेपद त्यांना पहिल्यांदा मिळाले ते २०१५ मध्ये. ब्रिटनचे अॅलिस्टर ब्राउनली लंडन आणि रिओ अशा सलग दोन ऑलिम्पिकचे सुवर्णविजेते, पण २०१९ मध्ये कोनाला ते २१ वे आले. नॉर्वेचे क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट यांनी टोकियोचे सुवर्ण २०२१ मध्ये घेतले आणि त्याच वर्षी आपली पहिली पूर्ण आयर्नमॅन जिंकली, पण असे उदाहरण विरळाच. मोठे अंतर हा निराळा खेळ आहे असे समजूनच त्यात उतरावे.

पोहण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सुरुवातीची झुंबड सुटेपर्यंत बाजूला राहावे, पहिले २०० मीटर मुद्दाम सावकाश घ्यावेत. १०० मीटरला २ मिनिटे १२ सेकंद लागत असतील तर २ मिनिटे १८ सेकंद धरावेत. १.९ किमीत दोन मिनिटांपेक्षाही कमी फरक पडतो. पाण्यातून बाहेर येताना श्वास लागलेला नसावा, बस्स.

खरी परीक्षा सायकलची. ज्यांच्याकडे शक्ती मोजणारे यंत्र, म्हणजे पॉवरमीटर आहे, त्यांनी तासभर जास्तीत जास्त जेवढी शक्ती टिकवता येते तिच्या ७५ टक्क्यांच्या आसपास राहावे. अनुभवी खेळाडू ८० ते ८५ पर्यंत जातात, पहिल्या वेळी तो मोह नको. पूर्ण आयर्नमॅनला ७० टक्केही पुष्कळ झाले. पण हे यंत्र महाग असते आणि त्यावाचून अडत नाही. छातीला पट्टा बांधून नाडीचे ठोके मोजता येतात. तेही नसेल तर एक फुकटची कसोटी आहे : सायकल चालवताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर आपण छोट्या स्पर्धेच्या वेगात आहोत. ही कसोटी दर पंधरा मिनिटांनी घ्यावी.

चढावर विशेष सांभाळावे. छोट्या स्पर्धेत चढ आला की उभे राहून मारायची सवय लागलेली असते. इथे चढावर हलका गिअर टाकावा, बसून राहावे, लोक पुढे गेले तर जाऊ द्यावेत. दहा-पंधरा जण आपल्याला मागे टाकतात तेव्हा मनाला लागते, हे खरे. त्यातले बरेचसे धावताना पुन्हा भेटतात. समोरून वारा असेल तेव्हाही वेगाचा आकडा बघू नये. जोर तोच ठेवावा, वेग पडेल तेवढा पडू द्यावा.

खाण्याचा आणि वेगाचा संबंध पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जोर वाढला की रक्त स्नायूंकडे वळते आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. मग खाल्लेले पोटात तसेच राहते, मळमळते, उलटी होते, आणि दोष जातो केळ्याला. तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके हे सर्वसाधारण लक्ष्य ठेवावे. महागड्या जेलच्या पुड्यांनीच ते साधते असे नाही. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. पाऊण लिटर पाण्यात ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू पिळले की चांगले पेय तयार होते. एक बाटली आणि अर्धे-पाऊण केळे, एका तासाचे काम झाले. धावताना घास गिळवत नाही, म्हणून सायकलवरच नीट खाऊन घ्यावे. हे सगळे लांब सरावाच्या दिवशी अनेकदा करून पाहिलेले असावे. पोटालाही सराव लागतो. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी साखर-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाण्याबाबत एक जुना समज सोडावा लागेल. 'तहान नसली तरी पीत राहा' हा सल्ला लांब स्पर्धेत धोक्याचा ठरू शकतो. घामातून जाते त्यापेक्षा जास्त पाणी प्यायले गेले की रक्तातील सोडियम पातळ होते. डोके दुखते, बोटे सुजतात, उलट्या होतात, माणूस गोंधळतो, आणि वेळेत ओळखले नाही तर जीवही जाऊ शकतो. हळू जाणाऱ्याला हा धोका अधिक, कारण त्याला पिण्यासाठी वेळ जास्त मिळतो. उपाय सोपा आहे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे. तासाभरात अर्धा किलो घटले आणि अर्धा लिटर प्यायले असेल, तर घाम सुमारे एक लिटर गेला. आपला घाम आपणच मोजावा, दुसऱ्याचे प्रमाण उसने घेऊ नये. स्पर्धेनंतर वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले असे समजावे.

सायकलवरून उतरून धावताना पाय फसवतात. चक्राची लय अंगात असते, त्यामुळे वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. पहिले तीन किमी घड्याळाकडे बघून ठरवल्यापेक्षाही जरा सावकाश धावावे. पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट चालत प्यावे, डोक्यावर पाणी ओतावे. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात सराव केलेल्यालाही ही हवा नवी असते. अशा वेळी किमीमागे पंधरा-वीस सेकंद सोडून द्यावेत.

इथे आमच्या वाचकांना, विशेषतः विदर्भातील वाचकांना, एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा स्पर्धेचा विचार करू नये. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक एरवी निरोगी असतो, त्याला कसलाही त्रास नसतो, म्हणून अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. मात्र उन्हात, शरीरातील पाणी कमी झालेले असताना, न थांबता अतिश्रम केले तर काही वाहकांचे स्नायू वेगाने झिजून ते कोसळल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. रक्ताची तपासणी साधी आहे आणि सरकारी रुग्णालयांत होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. स्पर्धेचे शुल्क भरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. वाहक निघालात तर खेळ सोडायचा नाही. जगात अनेक वाहक उत्तम खेळाडू आहेत. सराव हळूहळू वाढवायचा, दमछाक करणारे झटके टाळायचे, तापात किंवा जुलाबात स्पर्धा करायची नाही. आवरता वेग इतरांसाठी शहाणपणाचा, वाहकासाठी तो सुरक्षेचा नियम आहे. आयोजकांच्या वैद्यकीय फॉर्मवर ही माहिती लिहावी. ती लपवण्यासारखी बाब नाही.

सरावात या सगळ्याची तालीम हवी. ऑलिम्पिक अंतर आरामात करणाऱ्याने चार-पाच महिने तरी द्यावेत. दर आठवड्याला एक लांब सायकल, हळूहळू ८०-९० किमीपर्यंत, ठरवलेल्या जोरानेच. शेवटच्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा सायकलवरून उतरताच ५-६ किमी धावून पाहावे. त्या धावण्यात ठरवलेला वेग सहज टिकला तर सायकलचा जोर बरोबर आहे. टिकला नाही तर धावण्याचा सराव वाढवण्याआधी सायकलचा जोर कमी करून पुन्हा पाहावे. पाळीची नोकरी करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतर लांब सराव ठेवू नये. झोप हाही सरावाचाच भाग.

स्पर्धेत थांबायचे केव्हा, हे आधीच ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी डोके साथ देईलच असे नाही. छातीत दुखणे, तोल जाणे, ऊन असूनही थंडी वाजणे, आपण कुठे आहोत याचा गोंधळ होणे, स्नायूंत नेहमीपेक्षा वेगळी अशक्तता येणे, यांपैकी काहीही झाले की थांबावे आणि स्वयंसेवकाला सांगावे. सोबत आलेल्या नातेवाइकांनाही ही लक्षणे सांगून ठेवावीत. दुखते म्हणून वाटेत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊ नयेत. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. स्पर्धेनंतरच्या दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा स्नायू सुजून दुखणे वाढतच गेले, तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि किती वेळ, किती उन्हात श्रम केले ते डॉक्टरांना सांगावे.