गाडीखालचा ओला डाग

दिवाळी झाली. भात झोडून झाले. मुळशीतल्या एका आबांनी इंद्रायणी तांदळाची पोती आपल्या जुन्या पिकअप गाडीत भरली. ताम्हिणी घाट उतरून माणगावला जायचे होते. निघताना त्यांना मागच्या चाकाजवळ जमिनीवर ओला डाग दिसला.

"असंल पाणी," आबा म्हणाले. तरी त्यांनी बोट लावून पाहिले. ते पाणी नव्हते. बुळबुळीत होते. आबांनी हात धुतला आणि मिस्तरींना बोलावणे धाडले.

डाग कसला, हे कसे ओळखावे? इंजिनाचे जुने ऑइल काळे आणि दाट असते. डिझेलचा वास आपल्या ओळखीचा असतो. ब्रेकचे ऑइल पातळ असते. नवे असताना ते पिवळसर, जुने झाले की तपकिरी दिसते. ते विषारी आहे. चाखून पाहू नये.

मिस्तरी गाडीखाली वाकले. म्हणाले, "आबा, ब्रेकची नळी कुजली बघा."

"आवं, नळी तर लोखंडाची. ती कशी कुजंल?"

"आपल्याकडं पाऊस किती! नळी जिथं पट्टीनं आवळलीय, तिथं चिखल अडकतो. तो लवकर वाळत नाही. मग गंज धरतो आणि नळीला बारीक भोक पडतं."

"मग रबरी नळी चढवा न् तार आवळा. घाट उतरून आलो की बघू."

मिस्तरी म्हणाले, "आबा, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

असे का? इंजेक्शनच्या रिकाम्या पिचकारीत पाणी भरा. सुई लावू नका. तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा आत जात नाही, कारण पाणी दबत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरा. दांडा आत जातो, कारण हवा दबते.

ब्रेकचे काम असेच चालते. आपण पायाने ब्रेक दाबतो. नळीतले ऑइल दबत नाही. त्यामुळे पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. ऑइल गळाले की जोर पोचत नाही. नळीत हवा शिरली, तर पाय नुसताच खाली जातो.

जोरात ब्रेक दाबला की या नळीत टायरातल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो. तारेने आवळलेले रबर तो दाब सोसत नाही. ते निसटते, आणि निसटते ते नेमके घाटाच्या वळणावर. कारण तिथेच आपण ब्रेक जोरात दाबतो.

आबांनी पोती उतरवली. मिस्तरींनी काम असे केले :

१. गाडी सपाट जागी लावली. चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते गाडीखाली शिरले नाहीत. मजबूत टेकू दिला.

२. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहिली. बरोबर मापाचा पान्हा लावला. नाहीतर नटाचे कोपरे झिजतात.

३. ब्रेकसाठीच बनवलेली, त्याच जाडीची आणि लांबीची नवी नळी आणली. जुनीसारखीच वाकवून बसवली. ती कुठे घासणार नाही, हे पाहिले.

४. सीलबंद डब्यातले नवे ब्रेक ऑइल भरले. कोणते भरायचे, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. वाचता येते, त्याला ते कोणाला विचारावे लागत नाही. या टाकीत इंजिनाचे ऑइल कधीही घालू नये. त्याने आतली रबरे फुगतात.

५. मग हवा काढली. आबांच्या मुलाने ब्रेक दाबून धरला. मिस्तरींनी चाकाजवळचे निप्पल सैल केले. बुडबुडे आणि ऑइल बाहेर आले. निप्पल आवळल्यावरच मुलाने पाय उचलला. बुडबुडे थांबेपर्यंत असे केले. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मधून मधून टाकीत ऑइल घातले. निघालेले ऑइल परत वापरले नाही.

शेवटी ब्रेक दाबून धरला. पाय खाली गेला नाही. सांधे कोरडे राहिले. मग रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहिली.

मिस्तरी म्हणाले, "एक नळी कुजली, तर तिच्या वयाच्या बाकीच्याही बघाव्या." बाकीच्या नळ्या पुसून पाहिल्या. त्या चांगल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पोती पुन्हा भरली. आबा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून, सावकाश घाट उतरले. तांदूळ एक दिवस उशिरा पोचला. पण आबा आणि मुलगा संध्याकाळी घरी आले.

लक्षात ठेवा : गाडी काढण्याआधी रोज खाली वाकून पाहा. ब्रेक एकदा दाबून पाहा. पाय नेहमीपेक्षा खाली गेला, तर गाडी हलवू नका.

प्रश्न

१. ब्रेकची नळी पट्टीजवळ का कुजते?
२. नळीत हवा राहिली तर काय होते?
३. तुमच्या गावातल्या गाडीच्या ब्रेक टाकीवर काय लिहिले आहे? वाचून वहीत लिहा.